कर्नलच्या डीबग फायली: प्रत्येक यंत्रावर, एकाच यंत्रावर, मागणीनुसार की मुळातच कमी?

लिनक्स सर्व्हरची डिस्क भरत आली की आपण आधी लॉग तपासतो, मग पॅकेजांची जुनी डाउनलोड पुसतो, आणि तरीही जागा सुटली नाही म्हणजे शोधत शोधत ‘/यूएसआर/लिब/डीबग’ या फोल्डरापाशी येऊन थांबतो. तिथे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) डीबग फायलींचे, म्हणजे दोष शोधायला लागणाऱ्या माहितीचे, कित्येक जीबी मुक्काम ठोकून असतात आणि ते कोणी, केव्हा, कशासाठी आणले हे बहुधा कोणालाच आठवत नसते. पुसावे तर पुढच्या वेळी कर्नल कोसळल्यावर हाती काही उरणार नाही अशी धास्ती वाटते. ठेवावे तर प्रत्येक नव्या कर्नलबरोबर ढीग वाढत जातो. ज्यांना हा निर्णय आपल्या यंत्रांसाठी एकदाच नीट घेऊन टाकायचा आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कोणती फाइल किती मोठी आहे यावरून हा निर्णय घेऊ नये. ती पुसल्यावर तीच फाइल, अगदी तीच, पुन्हा मिळवता येईल का, यावरून घ्यावा. वितरणाने (डेबियन, फेडोरासारख्या तयार लिनक्स-संचाने) बांधून दिलेल्या कर्नलच्या डीबग फायली सहसा पुन्हा उतरवून घेता येतात. आपण स्वतः बांधलेल्या कर्नलच्या फायली एकदा गेल्या की गेल्या. आणि कोसळण्याच्या क्षणी घेतलेला मेमरीचा डम्प, म्हणजे तिची जशीच्या तशी प्रत, तर दुसऱ्यांदा मिळूच शकत नाही. प्रत्यक्षात मात्र जागा हवी असताना लोक नेमका डम्प आधी पुसतात, कारण तो एकच मोठी फाइल म्हणून नजरेत भरतो.

एवढी जागा जाते कुठे

बूट होताना वापरली जाणारी ‘व्हीएमलिनझ’ ही दाबलेली फाइल जेमतेम १०–१५ एमबीची असते. त्याच कर्नलची डीबग माहितीसह असलेली ‘व्हीएमलिनक्स’ मात्र कित्येकशे एमबींची होते, आणि वितरणाच्या कर्नलसोबत येणाऱ्या हजारो मॉड्यूलांची (कर्नलला हवे तेव्हा जोडता येणाऱ्या भागांची) डीबग माहिती त्यात मिळवली की एका आवृत्तीमागे अनेक जीबी खर्ची पडतात. हा फुगवटा ड्वार्फ या स्वरूपामुळे येतो. कोणत्या पत्त्यावरची सूचना मूळ कोडच्या कोणत्या ओळीतून आली, कोणते चल कोणत्या रजिस्टरात आहे, कोणत्या स्ट्रक्चरमधला कोणता घटक किती बाइटांवर सुरू होतो, ही सगळी नोंद त्यात असते. शिवाय प्रत्येक सोर्स फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होत असल्याने सामाईक हेडरमधल्या त्याच त्या व्याख्या पुन्हा पुन्हा लिहिल्या जातात. ही पुनरावृत्ती काही प्रमाणात कमी करणारी साधने आहेत, तरी उरते ते पुष्कळच असते.

पर्यायांकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा: आपल्याला ही ड्वार्फ माहिती खरोखर लागते का? कोणते फंक्शन किती वेळ खाते एवढेच ‘पर्फ’ या मोजमापाच्या साधनाने पाहायचे असेल, तर फंक्शनांची नावे चालू कर्नल स्वतःच ‘कॅलसिम्स’ या यादीतून पुरवतो. ‘बीपीएफट्रेस’सारखी चालू कर्नलचा माग काढणारी साधने स्ट्रक्चरची रचना समजून घेण्यासाठी बीटीएफ हे अतिशय आटोपशीर स्वरूप वापरू शकतात, ते कर्नलमध्येच भरलेले असते, ‘/सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स’ येथे वाचता येते आणि त्याचा आकार मोजक्या एमबींचाच असतो. बीटीएफ कर्नलमध्ये भरण्याची सोय ५.२ या आवृत्तीपासून आहे, आणि या ठिकाणी वाचता येण्याची ५.४ पासून. ड्वार्फ लागते ती कोसळलेल्या कर्नलचा डम्प ‘क्रॅश’ किंवा ‘ड्रगन’ या डम्प वाचणाऱ्या साधनांनी उघडताना, चालू कर्नल तपासणाऱ्या ‘सिस्टमटॅप’च्या स्क्रिप्ट चालवताना, ‘पर्फ प्रोब’ने एखाद्या ओळीवर किंवा स्थानिक चलावर सापळा लावताना, आणि ऊप्सच्या (कर्नलने स्वतःच्या चुकीबद्दल दिलेल्या) संदेशातील पत्त्यावरून सोर्समधली नेमकी ओळ काढताना. यांपैकी काहीच करत नसाल, तर वितरणाच्या कर्नलची डीबग पॅकेजे आजच काढून टाकायला हरकत नाही.

पहिला पर्याय: प्रत्येक यंत्रावर पॅकेज

रेड हॅट परिवारात ‘कर्नल-डीबगइन्फो’, डेबियनमध्ये नावाच्या शेवटी ‘डीबीजी’ असलेले आणि उबुंटूमध्ये ‘डीबीजीसिम’ असलेले पॅकेज बसवले की सगळे जागच्या जागी मिळते. ज्या यंत्रावर ‘सिस्टमटॅप’ रोज चालते किंवा जे यंत्र बाहेरच्या जाळ्याशी जोडलेलेच नाही, तिथे याहून सरळ मार्ग नाही. यंत्र एकच असेल आणि डिस्क ऐसपैस असेल, तर पुढचे वाचण्याचेही फारसे कारण नाही.

यंत्रे दहा-वीस झाली की मात्र हा पर्याय महाग पडतो, आणि तो केवळ जागेच्या हिशेबाने नव्हे. फेडोरासारख्या वितरणांत डीबग पॅकेजांचे भांडार मुळात बंद ठेवलेले असते. त्यामुळे नेहमीच्या अपडेटमध्ये कर्नल पुढे सरकतो आणि डीबग पॅकेज मागच्या आवृत्तीवरच राहते. काही महिन्यांनी पाहिले, तर डिस्कवर अनेक जीबींची डीबग माहिती आहे, पण ती चालू कर्नलची नाही आणि तो जुना कर्नल तर ‘डीएनएफ’ या पॅकेज व्यवस्थापकाने तीन कर्नल ठेवण्याच्या आपल्या मूळ मर्यादेनुसार कधीच काढून टाकलेला आहे. म्हणजे जागा गेलीच, वर उपयोगही नाही. डेबियन परिवारात निराळी अडचण येते: नाव देऊन स्वतंत्रपणे बसवलेले डीबग पॅकेज ‘ऑटोरिमूव्ह’ ही नको असलेली पॅकेजे काढणारी आज्ञा आपणहून काढत नाही, कारण ते तुम्हाला हवे आहे असेच ‘एपीटी’ ही तिथली पॅकेज-व्यवस्था धरून चालते. हा पर्याय निवडणाऱ्याने कर्नल बदलण्याच्या कामातच डीबग पॅकेज बदलण्याची पायरी घालून ठेवली पाहिजे. ‘सवडीने करू’ असे म्हटले की ती पायरी राहून जाते.

दुसरा पर्याय: फायली एकाच विश्लेषण-यंत्रावर

अनेकांचा असा समज असतो की कर्नल कोसळताना डम्प नीट घेतला जावा यासाठी डीबग फायली त्याच यंत्रावर हव्यात. तसे नाही. डम्प छोटा करण्यासाठी ‘मेकडम्पफाइल’ला लागणारी किमान माहिती कर्नल स्वतःच ‘व्हीएमकोअरइन्फो’ या भागात बाळगतो. डीबग फाइल लागते ती नंतर, डम्प उघडून वाचताना. आणि ते वाचन कुठल्याही यंत्रावर करता येते. हे एकदा ध्यानात आले, की वीस सर्व्हरांवर त्याच फायलींच्या वीस प्रती ठेवण्याला काही आधारच उरत नाही.

या यंत्रावर पॅकेजे रीतसर बसवण्यापेक्षा नुसती उघडून ठेवावीत असे मी सुचवेन. ‘आरपीएम२सीपीआयओ’ किंवा ‘डीपीकेजी-डेब’ने पॅकेजातला मजकूर आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरात काढता येतो, मग एकाच कर्नलच्या पंधरा आवृत्त्या आणि दोन वेगवेगळी वितरणेही शेजारी शेजारी नांदतात आणि पॅकेज व्यवस्थापक मध्ये येत नाही. काढतानाच निवड केली तर जागा आणखी वाचते. पहिल्या तपासणीत आपण काय पाहतो? कर्नलचा लॉग, कोसळलेल्या टास्कचा स्टॅक, त्या वेळी चालू असलेल्या प्रक्रियांची यादी. एवढ्यासाठी एकटी ‘व्हीएमलिनक्स’ पुरते. मॉड्यूलांची डीबग माहिती ‘क्रॅश’मध्ये ‘मॉड’ या आज्ञेने हवी तेव्हा चढवता येते आणि ती संशयित मॉड्यूलापुरतीच लागते. म्हणून मूळ पॅकेज दाबलेल्या स्वरूपात जपावे, उघडून ठेवावी ती फक्त ‘व्हीएमलिनक्स’, आणि स्टॅकमध्ये एखाद्या मॉड्यूलाचे नाव दिसले की तेवढीच फाइल बाहेर काढावी.

याची किंमत शिस्तीत मोजावी लागते. उत्पादनावर नवा कर्नल गेला की त्याचे डीबग पॅकेज त्याच दिवशी या यंत्रावर उतरले पाहिजे. पुढे कधीतरी उतरवू म्हटले तर वितरणाच्या आरशांवरून (पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या मिरर सर्व्हरांवरून) जुन्या आवृत्त्या निघून गेलेल्या असू शकतात. डेबियनसाठी ‘स्नॅपशॉट’ हे जुन्या पॅकेजांचे संग्रहालय आणि फेडोरासाठी ‘कोजी’ ही बांधणी-व्यवस्था मदतीला येते. पण मध्यरात्री सर्व्हर कोसळलेला असताना संग्रहालय धुंडाळण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

तिसरा पर्याय: मागणीनुसार, डीबगइन्फोडीकडून

‘एल्फयूटिल्स’ या साधनसंचाच्या २०१९ मध्ये आलेल्या ०.१७८ या आवृत्तीत ‘डीबगइन्फोडी’ हा डीबग फायली पुरवणारा सर्व्हर प्रथम मिळाला. प्रत्येक बांधलेल्या फाइलमध्ये बिल्ड-आयडी नावाची ओळख-खूण कोरलेली असते. ती खूण सर्व्हरला कळवली की जुळणारी डीबग फाइल उतरते. फेडोरा, डेबियन, उबुंटू, आर्च, ओपनसुसे या सगळ्यांचे असे सर्व्हर आहेत. आवृत्तीचे नाव चुकीचे टंकले, दुसरेच पॅकेज बसवले, असल्या चुका इथे संभवतच नाहीत, कारण जुळणी नावावरून न होता खुणेवरून होते. मला या पर्यायातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. जागेची बचत त्यानंतर येते.

उतरलेली फाइल वापरकर्त्याच्या कॅशमध्ये राहते. सात दिवस कोणी हात लावला नाही तर ती जुनी समजली जाते आणि साफसफाई दिवसातून एकदा होते, अशी मूळ मांडणी आहे. दोन्ही मुदती कॅशच्या फोल्डरातील लहानशा फायलींत सेकंदांमध्ये लिहिलेल्या असतात आणि बदलता येतात. इथे एक बारकावा सुटू नये. ही साफसफाई स्वतंत्र सेवा करत नाही. क्लायंट पुढच्या वेळी वापरला जातो तेव्हाच ती घडते. एखाद्याने एकदाच तपास करून यंत्र सोडले, तर त्याच्या होम फोल्डरातली ‘व्हीएमलिनक्स’ वर्षभर जशीच्या तशी पडून राहील. म्हणून सामाईक यंत्रावर प्रत्येकाचा कॅश वेगळा ठेवण्यापेक्षा पर्यावरण-चलातून एकच सामाईक ठिकाण नेमून द्यावे.

वापरकर्त्याच्या प्रोग्रामसाठी ही व्यवस्था इतकी सुरळीत चालते की कर्नललाही तीच पुरेल असे वाटू लागते. कर्नलचे डीबग पॅकेज मात्र अवाढव्य असते आणि त्यातली एक फाइल देण्यासाठी सर्व्हरला ते पॅकेज उलगडावे लागते. क्लायंटची मूळ प्रतीक्षा-मर्यादा ९० सेकंदांची आहे; तेवढ्यात किमान १०० केबी हाती पडले नाहीत तर विनंती फसते आणि नवखा माणूस ‘फाइल सर्व्हरवर नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढतो. मर्यादा वाढवून पुन्हा प्रयत्न करणे हा त्यावरचा उपाय. आपल्या यंत्रांना बाहेर जायची परवानगीच नसेल, तर दुसऱ्या पर्यायातल्या यंत्रावरच स्वतःचा डीबगइन्फोडी चालवता येतो. तो पॅकेजांच्या प्रती करत नाही, फक्त त्यांची सूची आपल्या डेटाबेसात ठेवतो, त्यामुळे त्याच फायली दोन्ही वाटांनी उपयोगी पडतात. मध्यम आकाराच्या संस्थेसाठी मला हीच जोडी सर्वांत समजूतदार वाटते.

चौथा पर्याय: बांधतानाच कमी करणे

हा पर्याय केवळ स्वतः कर्नल बांधणाऱ्यांसाठी आहे आणि चुका सर्वाधिक इथेच होतात, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. एका चाचणी-यंत्रासाठी वितरणाचीच कॉन्फिग फाइल उचलून मी नवा कर्नल बांधला आणि नेहमीप्रमाणे ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ चालवले. वितरणाच्या कॉन्फिगमध्ये डीबग माहिती सुरू असते, आणि वितरण ती पुढे वेगळी काढते. मी ती काढली नव्हती. मॉड्यूलांचे फोल्डर नेहमी काही शे एमबींचे असायचे, ते काही जीबींचे झाले. मूळ (रूट) पार्टिशनवर जागा होती, म्हणून मला काहीच जाणवले नाही. मग इनिट्रामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल-प्रतिमा) तयार करणाऱ्या साधनाने तीच फुगलेली मॉड्यूले प्रतिमेत भरायला घेतली आणि १ जीबीचे बूट पार्टिशन मध्येच भरले. जागा संपल्याचा संदेश पडद्यावर आला होता, पण तो इतर ओळींच्या गर्दीत वर सरकून गेला आणि मी यंत्र रीबूट केले. अर्धवट लिहिलेल्या प्रतिमेमुळे मूळ पार्टिशन सापडले नाही म्हणून कर्नल तिथेच थांबला. जुना कर्नल मेन्यूत शिल्लक होता म्हणून निभावले.

यावरचा उपाय एका शब्दाचा आहे: त्याच आज्ञेला ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ जोडणे. त्याने बसवल्या जाणाऱ्या मॉड्यूलांतून डीबग माहिती निघते आणि आकार मूळ पदावर येतो. बांधणीच्या फोल्डरातली मूळ मॉड्यूले मात्र अबाधित राहतात. ‘मेक बाइनडेब-पीकेजी’ने बांधले तर कर्नलचे आणि डीबग माहितीचे पॅकेज वेगवेगळे मिळते, ते त्याहून बरे.

याच्या पुढे जाऊन माहितीच कमी निर्माण करण्याचे पर्यायही कॉन्फिगमध्ये आहेत, आणि तिथे मी सावध राहायला सांगेन. ‘डीबग इन्फो रिड्यूस्ड’ निवडले की स्ट्रक्चरांची माहिती गळते. बांधणी झपाट्याने होते, जागाही पुष्कळ वाचते, पण डम्प वाचणारी साधने आणि सिस्टमटॅप त्यावर चालत नाहीत, बीटीएफही तयार करता येत नाही. ऊप्समधला पत्ता ओळीत बदलण्यापुरतेच काम असेल तरच हे घ्यावे. ‘डीबग इन्फो स्प्लिट’ माहिती वेगळ्या फायलींत काढते आणि बीटीएफशी त्याचेही जमत नाही. माहिती शाबूत ठेवून आकार घटवणारा पर्याय म्हणजे कॉम्प्रेस केलेली डीबग माहिती, ५.८ या आवृत्तीपासून झेडलिबने दाबण्याची सोय आहे. त्यातही मेख आहेच: आधीच दाबलेली माहिती पुढे पॅकेज बनवताना नीट दाबली जात नाही, त्यामुळे डेब पॅकेजाचा आकार उलट वाढू शकतो. म्हणजे डिस्कवर उघड्या फायली ठेवणाऱ्याला याचा लाभ आहे, पॅकेजांचा साठा करणाऱ्याला नाही.

‘सोर्स आणि कॉन्फिग जपले आहे, हवे तेव्हा पुन्हा बांधू’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले आहे आणि एकदा स्वतःही त्यावर विसंबलो आहे. पुन्हा बांधलेली ‘व्हीएमलिनक्स’ जुन्या डम्पसोबत दिली तेव्हा ‘क्रॅश’ने दोन्ही जुळत नाहीत एवढेच सांगून काम थांबवले. बांधणीची वेळ, बांधणाऱ्याचे आणि यंत्राचे नाव हे कर्नलच्या बॅनरमध्ये (ओळख सांगणाऱ्या ओळीत) जाते. मधल्या काळात कंपायलर अद्ययावत झाला असेल तर पत्तेच बदलतात. वेळ, नाव आणि यंत्र स्थिर ठेवणारी चले कर्नलच्या बांधणी-व्यवस्थेत आहेत, पण ती आधीपासून वापरलेली असावी लागतात आणि कंपायलरही नेमका तोच लागतो. त्यामुळे स्वतः बांधलेल्या कर्नलची न सोललेली (डीबग माहिती न काढलेली) ‘व्हीएमलिनक्स’ आणि मॉड्यूले, तो कर्नल शेवटच्या यंत्रावरून उतरेपर्यंत आणि त्याचे सर्व डम्प तपासून होईपर्यंत, दुसरीकडे सुरक्षित ठेवावीतच. तिथे एक-दोन जीबींची काटकसर करू नये.

डम्पची जागा

डीबग फायलींचा निर्णय कोणताही असो, ‘/व्हार/क्रॅश’चा हिशेब वेगळा मांडावा लागतो. काहीही न गाळता घेतलेला डम्प यंत्राच्या रॅमएवढा होतो. ‘मेकडम्पफाइल’ला गाळणीचा आकडा देता येतो: शून्यांनी भरलेल्या पानांसाठी (मेमरीच्या तुकड्यांसाठी) १, दोन प्रकारच्या कॅश-पानांसाठी २ आणि ४, वापरकर्त्याच्या डेटासाठी ८, मोकळ्या पानांसाठी १६, सगळे मिळून ३१. बहुतेक कर्नल-दोषांच्या तपासाला ३१ची गाळणी पुरते, आणि वापरकर्त्यांचा डेटा डम्पमध्ये राहत नाही हा तिचा लाभ जागेइतकाच महत्त्वाचा आहे. मात्र दोष पेज कॅशमध्येच असल्याची शंका असेल तर कॅशचे आकडे वगळावेत. वर एलझेडओ किंवा झेडस्टॅण्डर्डचे कॉम्प्रेशन लावता येते. डम्पसाठी वेगळे पार्टिशन असावे, किंवा तो एसएसएच वा एनएफएसने थेट विश्लेषण-यंत्राकडे जावा. दुसऱ्या पर्यायाशी हे अगदी सहज जुळते.

फ्रीबीएसडी वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथेही कर्नलची डीबग माहिती पूर्वी ‘/बूट/कर्नल’मध्येच असे आणि लहान मूळ पार्टिशन भरून टाकी, ११.० पासून ती ‘/यूएसआर/लिब/डीबग’खाली गेली. बांधताना ‘विदाउट_कर्नल_सिम्बॉल्स’ने ती टाळता येते. ‘/व्हार/क्रॅश’मध्ये ‘मिनफ्री’ नावाच्या फाइलीत एक आकडा लिहिला की तेवढे किलोबाइट शिल्लक राहत नसतील तर ‘सेव्हकोअर’ डम्प लिहीतच नाही. ही साधी सोय मला फार आवडते.

कोणी काय घ्यावे

वितरणाचाच कर्नल आणि दोन-चार यंत्रे असतील, तर त्यांवर काहीही बसवू नये. डम्प घेण्याची व्यवस्था चोख ठेवावी आणि गरज पडेल तेव्हा डीबगइन्फोडी किंवा पॅकेज यांपैकी जे हाताशी असेल ते वापरावे. यंत्रे बरीच असतील किंवा जाळे बंदिस्त असेल, तर विश्लेषण-यंत्र आणि त्यावर स्वतःचा डीबगइन्फोडी. कर्नल स्वतः बांधत असाल, तर यंत्रांवर सोललेली मॉड्यूले आणि साठ्यावर संपूर्ण, न कापलेली डीबग माहिती. रोज सिस्टमटॅप चालवणाऱ्या यंत्रासाठी पहिलाच पर्याय, कर्नलसोबत पॅकेज बदलण्याच्या पायरीसह.

आणि आज, आत्ता जागा करायची असेल, तर पुसण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. चालू कर्नलचा आणि त्याच्या मॉड्यूलांचा बिल्ड-आयडी एल्फयूटिल्समधल्या ‘ईयू-अनस्ट्रिप’ने मिळतो. साठवलेला डम्प कोणत्या आवृत्तीचा आहे हे ‘क्रॅश’ला ‘ओएसरिलीज’ हा पर्याय दिला की ‘व्हीएमलिनक्स’शिवायही कळते. या दोन्ही याद्यांत ज्या आवृत्तीचे नाव नाही तिच्या डीबग फायली निर्धास्तपणे पुसाव्यात. डम्पच्या यादीत नाव असेल, तर आधी तो डम्प उघडून लॉग आणि स्टॅक मजकुराच्या फाइलीत काढून घ्यावा. या फायली अगदी छोट्या असतात आणि तपास पूर्ण होईपर्यंत तिकिटासोबत राहू शकतात.